विश्लेषण : तीन नावे, तरी देव एकच कसा? ख्रिस्ती धर्मातील ‘त्रैक्य’ म्हणजे नेमके काय?

पेनल्टी घेण्याआधी फुटबॉलपटू कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांना झटकन बोटे लावतो. वसईत बस चर्चवरून पुढे गेली की खिडकीतली एखादी आजीही तेच करते. दोन-तीन सेकंदांची ही क्रूसाची खूण आपल्या सगळ्यांच्या पाहण्यातली आहे. ती करताना मनातल्या मनात तीन नावे घेतली जातात : पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. ख्रिस्ती मित्र किंवा शेजारी असलेल्या अनेकांनी कधी ना कधी विचारलेले असते, ‘म्हणजे तुमचे देव तीन का?’ उत्तर ठाम येते : ‘नाही, एकच.’ ‘मग नावे तीन का?’ या पुढच्या प्रश्नावर मात्र भलेभले अडखळतात.

या अडखळण्याला मोठा इतिहास आहे. याच प्रश्नापायी बिशप हद्दपार झाले, एका विद्वानाला जिवंत जाळले गेले, बंगालमध्ये एका मिशनऱ्याने आपला पंथ सोडला आणि पंडिता रमाबाईंचे इंग्लंडमधील हितचिंतकांशी खटके उडाले. अगदी २००८ मध्ये व्हॅटिकनने काही लोकांचा बाप्तिस्मा मुळात झालेलाच नाही, असा निर्वाळा दिला. तोही याच तीन नावांवरून.

सिद्धांत काय सांगतो?

मराठी चर्चमध्ये यासाठी ‘पवित्र त्रैक्य’ हा शब्द रूढ आहे. तीन आणि ऐक्य. देवाचे सत्त्व एक, व्यक्ती तीन. पिता हा पुत्र नव्हे, पुत्र हा आत्मा नव्हे. तिघेही पूर्णपणे देव, आणि तरी देव एकच.

इथे ‘व्यक्ती’ या शब्दाने गोंधळ होतो. आज व्यक्ती म्हटले की स्वतंत्र माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि तीन व्यक्ती म्हणजे तिघेजण. पण मूळ संस्कृतात व्यक्ती म्हणजे व्यक्त होणे, प्रकट होणे. लॅटिनमधल्या ‘पर्सोना’चा एक अर्थ तर नटाचा मुखवटा असा होता. एकही शब्द नेमका बसत नाही, हे पाचव्या शतकातच संत ऑगस्टीन यांनी मान्य केले होते. काहीच न बोलण्यापेक्षा हा शब्द बरा, अशी त्यांची भूमिका होती. त्रैक्यावरच्या ग्रंथाचे पंधरा खंड लिहिणाऱ्या माणसाने असे म्हणावे, यातच विषयाची अडचण कळते.

चूक दोन बाजूंनी होऊ शकते. तिघांना वेगळे करत गेलो तर तीन देव होतात. तिघांना फार जवळ आणले तर एकच नट तीन वेषांत वावरतो आहे, असे होते. तिसऱ्या शतकात रोममध्ये साबेलियस याने दुसरा मार्ग धरला आणि चर्चने तो नाकारला. गंमत अशी, की संडे स्कूलमध्ये मुलांना सर्रास दिले जाणारे उदाहरण, पाणी, बर्फ आणि वाफ, हे नेमके साबेलियसचेच मत शिकवते. १ + १ + १ ऐवजी १ × १ × १ करा, म्हणजे उत्तर एक येते, हाही लोकप्रिय तोडगा. गणित जुळते, अर्थ निसटतो.

ही आपली त्रिमूर्तीच का?

मराठी वाचकाच्या मनात ब्रह्मा, विष्णू, महेश येणारच. आधी एक गोष्ट : घारापुरीच्या लेण्यातल्या ज्या भव्य शिल्पाला आपण ‘त्रिमूर्ती’ म्हणतो, ते अभ्यासकांच्या मते ब्रह्मा-विष्णू-महेशाचे नाहीच, ते सदाशिवाचे, म्हणजे एकट्या शिवाच्याच तीन मुखांचे आहे. तीन चेहरे दिसले म्हणून अर्थ तोच असतो असे नाही, हे शिकायला तेवढी बोटीची फेरी पुरे.

त्रिमूर्तीच्या रूढ कल्पनेत कामांची वाटणी आहे : उत्पत्ती, स्थिती, लय. त्रैक्यात अशी वाटणी नाही. पित्याने जग निर्माण केले, पुत्राने तारले आणि आत्मा सांभाळतो, असे ख्रिस्ती लोक सैलपणे बोलतात खरे. पण सिद्धांतानुसार निर्मिती तिघांची, तारणही तिघांचे. मग तिघांत वेगळेपण कशाने? केवळ नात्याने. पिता पिता आहे तो पुत्रामुळे, पुत्र पुत्र आहे तो पित्यामुळे, आणि आत्मा या दोघांपासून वेगळा करता न येणारा श्वास. हिब्रू भाषेतल्या ‘रुआख’चा अर्थ वारा, श्वास असा आहे. मराठी ‘आत्मा’ वाचून जीवात्मा-परमात्मा आठवतो, पण अर्थाने ‘प्राण’ त्याला अधिक जवळचा. शिवाय रुआख हा शब्द बहुतेकदा स्त्रीलिंगी चालतो, ग्रीकमध्ये तो नपुंसकलिंगी झाला आणि मराठीत पुल्लिंगी!

‘देव प्रेम आहे’ असे ख्रिस्ती धर्म म्हणतो. मग जग निर्माण होण्याआधी तो प्रेम कोणावर करत होता? तो एकटाच असेल तर प्रेम करण्यासाठी त्याला जगाची गरज लागली, म्हणजे तो अपुरा ठरला. त्रैक्य हे या प्रश्नाचे उत्तर आहे : देव मुळातच एकाकी नाही. बाराव्या शतकात पॅरिसमधल्या रिचर्ड ऑफ सेंट व्हिक्टर यांनी यात आणखी एक पायरी घातली. दोघांचे प्रेम एकमेकांतच गुंतून पडू शकते. ते खरे असेल तर त्यात तिसऱ्याला जागा करून देते. नवरा-बायकोच्या संसारात मूल आले की काय होते, हे पाहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही.

बायबलमध्ये हा शब्द आहे का?

नाही. ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलमध्ये कुठेही नाही. लॅटिन ‘ट्रिनितास’ हा शब्द या अर्थाने रुळवला तो इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियन यांनी. मात्र तीन नावे एकत्र येतात. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना बाप्तिस्मा देण्यास सांगतो, तिथे ती तिन्ही आहेत, आणि त्यांच्यासाठी ‘नाव’ हा शब्द एकवचनी आहे. पुढच्या सगळ्या वादाचे बीज या एकवचनात सापडते.

वाद पेटला तो अलेक्झांड्रियात. आरियस या धर्मगुरूचा युक्तिवाद साधा आणि पटण्यासारखा होता : बाप आधी, मुलगा नंतर. म्हणजे पुत्र नव्हता असा एक काळ होता. पुत्र थोर असेल, पण तो निर्माण केलेला. सम्राट कॉन्स्टंटाइन याने इसवी सन ३२५ मध्ये नायसिया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिकला, परिषद बोलावली. सुमारे तीनशे बिशप जमले आणि पुत्र पित्याशी ‘एकसत्त्व’ आहे असे ठरले. पुढे काहींनी ‘सारख्याच सत्त्वाचा’ अशी तडजोड सुचवली. ग्रीकमध्ये या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे. क्षुल्लक वाटेल, पण ‘आमचे घर एकच’ आणि ‘आमची घरे एकसारखी’ यांत जेवढे अंतर, तेवढे ते आहे.

आरियसला अथानासियस यांनी दिलेले उत्तर आजही वाचण्यासारखे आहे. पुत्र नंतर आला असेल तर त्याआधी देव पिता नव्हता. पितृत्व त्याला नंतर चिकटले. मग देव मुळात कोण आहे, हे आपल्याला कळणारच नाही. या भूमिकेपायी अथानासियस पाच वेळा हद्दपार झाले. पवित्र आत्म्याविषयीचा मजकूर ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेनंतर सध्याच्या रूपात आला. त्या काळी शहरात भाकरीचा भाव विचारला तरी दुकानदार पिता-पुत्राचे तत्त्वज्ञान ऐकवतो, अशी तक्रार नीसाच्या ग्रेगरी यांनी करून ठेवली आहे. आत्मा पित्यापासून निघतो की पिता आणि पुत्र दोघांपासून, या प्रश्नावर पूर्व आणि पश्चिमेकडील चर्चमध्ये आजही मतभेद आहेत. नायसियाच्या परिषदेला १७०० वर्षे झाली म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे इझनिकला गेले आणि तिथे त्यांनी पूर्वेकडील कुलगुरूंसह प्रार्थना केली.

भिन्नमताची किंमतही मोठी होती. स्पेनचा वैद्य मायकेल सर्व्हेटस याने त्रैक्य नाकारले. त्याला १५५३ मध्ये प्रोटेस्टंट जिनिव्हात जाळण्यात आले. परमेश्वराला पुत्र मानण्याला ज्यू आणि इस्लाम या दोन्ही धर्मांचा मूलभूत आक्षेप आहे. यहोवाचे साक्षीदार स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, पण त्रैक्य मानत नाहीत.

भारतात हा प्रश्न कसा आला?

मराठीत तो प्रथम ओवीतून आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. आपल्या पुराणांच्या मंगलाचरणासारखेच त्याचे मंगलाचरण आहे. फक्त वंदन गणेश-शारदेऐवजी बापाला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला. आत्म्यासाठी मात्र पोर्तुगीज शब्द बराच काळ टिकून राहिला. गोव्याच्या जुन्या कोकणी प्रार्थनांत ‘स्पिरिता सांत’ आजही ऐकू येतो.

बंगालमध्ये तो वादातून आला. राजा राममोहन राय यांनी १८२० मध्ये येशूच्या नीतिवचनांचा संग्रह काढला आणि चमत्कार व त्रैक्य बाजूला ठेवले. श्रीरामपूरचे मिशनरी खवळले. त्यांच्यातलेच विल्यम ॲडम हे शुभवर्तमानाच्या बंगाली भाषांतराच्या कामात राममोहनांबरोबर होते. चर्चा करता करता १८२१ मध्ये तेच त्रैक्य न मानणाऱ्या युनिटेरियन मताचे झाले. धर्मांतर करायला आलेल्याचेच मतांतर झाल्यामुळे त्यांची ‘दुसरा पतित ॲडम’ अशी टिंगल झाली.

पण या सगळ्यांत आपल्याला सर्वांत जवळची गोष्ट पंडिता रमाबाईंची. सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर दोनच वर्षांत सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो धर्मांतर म्हणजे मुकाट्याने मान डोलावणे, हा समज मोडून काढतो. त्रैक्याचा सिद्धांत बायबलमध्ये कुठे स्पष्ट सांगितला आहे, येशूला देव मानायचे ते कशाच्या आधारे, असे त्यांनी थेट विचारले. सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. चर्च सांगते ते नवख्याने मानावे, ही त्यांची अपेक्षा. रमाबाईंची बाजू अशी की भारतातल्या पुरोहितांच्या तावडीतून मोठ्या कष्टाने सुटल्यावर पुन्हा तशाच जोखडाखाली मान देण्याची त्यांची तयारी नव्हती. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरेच का हवीत, संस्कृत का नकोत, हाही त्यांचा प्रश्न होता. मिस बील यांनी मात्र धीराने लांब पत्रे लिहिली, शंकांना जागा दिली. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये हा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. त्रैक्यावरचा इतका जिवंत वाद भारतीय ख्रिस्ती वाङ्मयात क्वचितच सापडेल, आणि तो करणारी बाई विशी-पंचविशीतली, परक्या देशात, आश्रयदात्यांच्या घरी राहत होती.

शंका घेणाऱ्या रमाबाई पुढे कुठे पोहोचल्या? बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला तोवर ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, हे जाणवल्याचे त्यांनी स्वतः लिहिले आहे. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पवित्र आत्म्याच्या संचाराचा जो अनुभव शेकडो मुली-बायकांना आला, त्याची नोंद जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात होते. त्या बायकांमध्ये विधवा होत्या, दुष्काळात निराधार झालेल्या मुली होत्या. ज्या तिसऱ्या नावाबद्दल परिषदांमध्ये काथ्याकूट झाला, ते त्यांच्यापर्यंत आले ते रडण्यातून, गाण्यातून, रात्रभराच्या प्रार्थनेतून.

बंगालमध्ये आणखी एक वाट फुटली. केशवचंद्र सेन यांनी १८८२ च्या व्याख्यानात त्रैक्याची सांगड सत्-चित्-आनंदाशी घातली. ती धरून ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ मध्ये सच्चिदानंदाला वंदन करणारे संस्कृत स्तोत्र रचले : पिता सत्, पुत्र चित्, आत्मा आनंद. ते आजही भारतातल्या अनेक कॅथलिक आश्रमांत म्हटले जाते. शब्द भारतीय मनाला लगेच भिडतात. अडचण एकच. सत्, चित्, आनंद ही तत्त्वे आहेत, त्यांच्यात बाप-लेकाचे नाते दिसत नाही. उपाध्यायांना हे ठाऊक असावे, कारण त्यांनी स्तोत्रात ‘पितृ’ शब्द सोडलेला नाही.

रोजच्या जगण्यात याचे काय?

कॅथलिक घरात त्रैक्य पुस्तकात कमी आणि सवयीत जास्त असते. उठल्यावर, जेवणाआधी, प्रवासाला निघताना क्रूसाची खूण. संध्याकाळी रोझरी म्हणताना दर दहा मण्यांनंतर तिघांचा गौरव. लग्नात अंगठी घालताना तीच तीन नावे, दफनाच्या वेळीही तीच. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळी क्रूसाची खूण करत नाहीत. त्यांच्याकडे उपासनेच्या शेवटच्या आशीर्वादात ही नावे येतात. प्रार्थनेलाही दिशा असते : पित्याला उद्देशून, पुत्राच्या द्वारे, आत्म्याच्या बळाने. येशूने पित्याला हाक मारली ती ‘अब्बा’ या अरामी भाषेतल्या घरगुती शब्दाने. मराठी ‘आबा’शी असलेले साम्य योगायोगाचे, पण कानाला फार ओळखीचे.

बाप्तिस्म्यात ही नावे निर्णायक ठरतात. पाणी ओतताना ती उच्चारली असतील तर एका पंथातला बाप्तिस्मा बहुतेक दुसरे पंथही मानतात. घरात मिश्र पंथांचे लग्न ठरते तेव्हा याचे महत्त्व कळते. पण पाश्चात्त्य देशांत काही ठिकाणी नवी शब्दरचना वापरली जाऊ लागली. ‘पिता’ आणि ‘पुत्र’ हे शब्द पुरुषी आहेत, म्हणून ‘निर्माता, तारणारा, पावन करणारा’ म्हणावे, असा तो विचार होता. हेतू समजण्यासारखा आहे. ज्या मुलीने घरात बापाची दारू आणि मारच पाहिला, तिला देवाला ‘पिता’ म्हणणे सोपे नाही. तरीही व्हॅटिकनने २००८ मध्ये असा बाप्तिस्मा अवैध ठरवला. म्हणजे त्या लोकांना तो पुन्हा नव्हे, पहिल्यांदाच घ्यावा लागणार होता. कारण वर आलेच आहे : निर्माता, तारणारा ही कामे आहेत, नाती नव्हेत, आणि ती कामे तिघांचीही आहेत. निर्णय कठोर वाटतो; त्यामागचा तर्क मात्र अथानासियस यांचाच आहे. ज्या बाईला ‘बाप’ शब्द टोचतो, तिचा प्रश्न त्याने सुटत नाही, तो उरतोच.

समानतेचा दाखला की उतरंडीचा?

विसाव्या शतकातले जर्मन धर्मतत्त्वज्ञ कार्ल रानर यांची तक्रार होती, की ख्रिस्ती लोक तोंडाने त्रैक्य म्हणतात, पण जगतात निव्वळ एकेश्वरवादी म्हणून. हा सिद्धांत उद्या रद्द केला तरी बहुतेक धार्मिक पुस्तकांत फरक पडणार नाही. त्यानंतर त्रैक्याचा व्यवहाराशी संबंध जोडण्याची लाट आली. ब्राझीलचे लिओनार्दो बोफ यांनी १९८० च्या दशकात मांडले, की देवच जर समान तिघांची सहवस्ती असेल, तर जमीनदार आणि वेठबिगार अशा समाजाला त्याचे नाव घेण्याचा अधिकार नाही.

याच सिद्धांतातून उलटा निष्कर्षही निघाला. अमेरिकेतील काही इव्हँजेलिकल विद्वानांनी मांडले, की पुत्र अनादिकाळापासून पित्याच्या आज्ञेत आहे, म्हणून पत्नीने पतीच्या आज्ञेत राहणे स्वाभाविक. २०१६ मध्ये यावर त्यांच्यातच जोरदार वाद झाला. हा तर आरियसच मागच्या दाराने आत आला, असे विरोधकांनी सुनावले. त्या वादात विरोधकांची बाजू भक्कम होती. नायसियाचा सारा खटाटोप ‘पुत्र कमी दर्जाचा’ हे नाकारण्यासाठी होता. मात्र अभ्यासक कॅरन किल्बी यांचा इशारा दोन्ही बाजूंना लागू पडतो : आपल्याला हवा तसा समाज आपण आधी देवावर लादतो, आणि मग तो देवाकडूनच मिळाल्यासारखा परत मिरवतो.

पाश्चात्त्य परंपरेत त्रैक्याचा सण ईस्टरनंतर आठ आठवड्यांनी, पेंटेकॉस्टच्या पुढच्या रविवारी येतो. तो सर्वत्र पाळण्याचा आदेश पोप जॉन बाविसावे यांनी १३३४ मध्ये दिला. आपल्याकडे हा रविवार मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये, बहुधा पावसाच्या तोंडावर येतो. त्या दिवशी प्रवचनाची पाळी सहायक धर्मगुरूवर ढकलली जाते, असा विनोद धर्मगुरूंमध्येच सांगितला जातो.